निळ्या दिव्याखालचं पाणी

सप्ताहाच्या हौदात यंदा ब्लिचिंग पावडर पडणार नाही, हे रखमाजीनं मंदिराच्या पायरीवर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं होतं. रखमाजीनं सांगितलं म्हणजे त्यावर पुन्हा बोलणं नव्हतं. तीर्थपुरीच्या आसपास कुठंही कीर्तन असो, महाराजांच्या मागं पहिल्या ओळीत टाळ घेऊन उभा राहणारा हा माणूस. महाराज चरण गात वर जातात, मध्येच सोडून दृष्टान्तात शिरतात, लोकांना हसवतात, रडवतात, आणि परत येतात तेव्हा धृपद तिथंच उभं असतं, दार उघडं ठेवून वाट पाहणाऱ्या घरासारखं. ते धृपद धरणारा रखमाजी. आयुष्यात दुसरं मोठं काम आपल्या हातून झालं नाही असं तो म्हणायचा, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं.

गेल्या साली मात्र आक्रीत घडलं. ऐन काल्याच्या कीर्तनात सोमेश्वर महाराजांचा गळा बसला. वरचा सूर घ्यायला गेले आणि नुसती हवा आली. कुणी म्हणालं धुरळा, कुणी म्हणालं आदल्या दुपारचं आईस्क्रीम. पण पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या तातेरावनं हौदाकडं बोट दाखवलं.

"पावडरीचं पाणी पाजता आन् वरून गोड गळा मागता व्हय?"

ते सगळ्यांना पटलं. पावडर जास्त पडली की टाळकऱ्यांचेही घसे खवखवायचे, हे काही खोटं नव्हतं. म्हणून यंदा पावडर बंद झाली आणि तिच्या जागी यंत्र आलं. स्टीलचा एक जाड पाईप, त्याच्या आत काचेची नळी, नळीत निळा दिवा. विहिरीचं पाणी पाईपातून, दिव्याच्या अंगावरून वाहत जायचं आणि हौदात पडायचं. ना वास, ना चव. रखमाजीची लेक वंदना मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, नवीन जालन्यात पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत कामाला. यंत्र बसलं त्या दिवशी तिनं पाईपाच्या तोंडाशी बाटली भरून नेली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "आबा, पाणी साफ हाय." रखमाजीनं त्याच संध्याकाळी यंत्राला हार घातला. हौदाचं पाणी मग सप्ताहाचं पाणी झालं. वीणा घेऊन पहारा करणाऱ्याला पहिला तांब्या त्यातला, स्वयंपाक त्यातला, आणि जाताना माणसं बाटल्या भरून घरी न्यायची तीही त्यातलीच.

रखमाजीला या हौदाचं एवढं लागलं होतं त्याला आणखी एक कारण होतं. अंकुशनगरच्या कारखान्यावर असलेल्या माऊलीला, त्याच्या लेकाला, किती वर्षांनी मूल झालं होतं. सून दीपमाला बाळाला घेऊन सप्ताहासाठी आल्ती. जन्मल्यापासून आईच्या दुधाशिवाय त्या लेकराच्या तोंडात काही गेलं नव्हतं. काल्याच्या दिवशी, कीर्तन उठल्यावर, सोमेश्वर महाराजांच्या हातानं त्याचं उष्टावण करायचं ठरलं होतं. हौदाच्या पाण्यात शिजवलेली खीर चमच्याच्या टोकावर, आणि वर बोटभर काल्याचं दही. रखमाजी रोज पहाटेच्या काकड्याला तेवढं एकच चित्र डोळ्यांपुढं आणायचा आणि टाळ हातात घ्यायचा.

काल्याच्या आदल्या दिवशी वंदना आली. चैत्राचं ऊन मांडवाच्या कापडातून गाळून खाली पडत होतं. तिनं देवाला हात जोडले, बाळाचा मुका घेतला आणि पाणी प्यायला हौदाकडं गेली. तांब्या बुडवताना हौदाच्या आतल्या कडेला तिचं बोट लागलं. तिनं तांब्या रिकामाच वर घेतला. बोट अंगठ्यावर चोळून पाहिलं. बुळबुळीत.

"ताते काका, कॉक पुरा सोडलाय का?"

"मंग काय थेंब थेंब सोडू? एवढी पंगत बसून राह्यली, तिला काय चमच्यानं पाजू?"

"यंत्र लावणाऱ्यानं अर्धा सोडा म्हणून सांगितलं होतं."

"त्यानं तर लई सांगितलं. त्याला काय, तो संभाजीनगरला एसीत बसलाय." तातेराव भोवतीच्या बायांकडं बघून हसला. "पोरगी शिकली की बापाच्या हौदाची बी परीक्षा घेती, बघा."

वंदनानं यंत्राच्या टोकाच्या काचेच्या झरोक्यातून आत पाहिलं. दिवा जळत होता, पण काचेच्या नळीवर पांढरा थर बसला होता. त्या विहिरीचं पाणी जड, चहाच्या पातेल्याच्या बुडाशी क्षार धरतात तसेच इथंही धरले होते. तिनं पिशवीतून उकळून आणलेली बाटली काढली, हौदाच्या मधोमध बुडवून भरली आणि घरी गेली.

रखमाजी ओसरीवर टाळ पुसत बसला होता. राखेनं घासून, मऊ फडक्यानं, एकेक. लेक समोर येऊन बसली तसा तो खुशीत म्हणाला, "काय म्हणतो आमचा निळा देव?"

"आबा, एक सांगते, रागावू नका. तो दिवा जंतूला जागच्या जागी मारून टाकत न्हाई. त्याच्या आतला धागा बिघडवतो, तोडतो."

"कसला धागा?"

"ज्याच्यावर त्याचं सगळं लिहिलेलं असतं. काय खायचं, कसं वाढायचं, एकाचे दोन कसे व्हायचे. जागोजाग तुटला तर जंतू संपला. पण पाणी जोरात गेलं, काचेवर थर आला, की उजेड कमी पडतो. मंग थोडक्याच ठिकाणी तुटतो."

"तुटतो ना पण?"

"तुटतो. आन् जंतू तो परत सांधतो."

रखमाजीचा हात थांबला.

"त्याच्याकडं धाग्याची दुसरी नक्कल असती, आबा. वाढायच्या बेतात असला की असतीच. तुटक्या टोकावर एक प्रथिन चढतं आन् त्या टोकाला घेऊन नकलेवरून फिरतं. हाच मजकूर तिथं कुठं हाय, हाच मजकूर कुठं हाय, असं धुंडत. सापडला की टोक त्या जागी शिरतं, चांगल्या नकलेवरून वाचतं आन् आपलं गेलेलं भरून काढतं." तिनं बापाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्याला समजेल असं काहीतरी ती शोधत होती. "तुम्ही मागं उभं राहून काय करता? महाराज चरण मध्येच सोडतात. तुम्ही धृपद धरून ठेवता. मंग महाराजांना बराबर तिथूनच परत उचलता येतं. तुम्ही नसता तर?"

"तर कीर्तन मोडलं असतं," रखमाजी म्हणाला, आणि त्याला एकदम हसू आलं. "म्हंजी जंतूंत बी टाळकरी हायेत म्हण की! देवानं काय काय करून ठेवलंय, वंदे. एवढ्याशा जिवाला बी धृपद दिलं."

"दिलंय खरं."

"आन् नकलच न्हाई सापडली तर?"

"काही जाती शेजारी मेलेल्या जंतूचा तुकडा बी उचलतात. तो आपल्या धाग्यात बसवून घेतात. सगळ्यांचं सगळ्यांत."

"काला," रखमाजी हळूच म्हणाला.

"काला." वंदना हसली नाही. "आबा, दिवा पाईपात हाय, हौदात न्हाई. हौदात त्यांना अडवायला कुणी न्हाई. पावडर असती तर तिनं अडवलं असतं. मी पहिल्या दिवशी तपासलं तव्हा काच नवी होती, पाणी हळू सोडलं होतं, आन् मी पाईपाच्या तोंडाचं पाणी घेतलं. हौदातलं घ्यायचं मला सुचलं न्हाई."

आतून बाळाच्या खुळखुळ्याचा आवाज येत होता. मांडवात हरिपाठाची तयारी चालली होती, मृदंगवाला शाई चढवलेल्या पुडीवर थाप मारून सूर बघत होता.

"म्हंजी पाणी खराब हाय?"

"आज सांगता येत न्हाई. ही बाटली नेते, बशीत लावते. जिवंत जंतू असले तर उद्या सकाळी बशीत त्यांचे ठिपके उठतील. तवर बाळाला हौदाचं काही देऊ नका. आईला, वहिनीला सांगा."

"अन् गावाला?"

"तुम्हीच ठरवा, आबा. मला विचारलं तर आजच पावडर टाका."

ती बाटली घेऊन स्कुटीवर गेली. रखमाजी तिथंच बसून राहिला. आता उठून तातेरावला सांगायचं, की टाक पावडर. आणि उद्या महाराजांचा गळा बसला तर? ठिपके आलेच नाहीत तर? पोरीच्या नुसत्या शंकेवर आपण सगळ्या गावापुढं दिलेला शब्द मोडला, असं होईल. उद्या सकाळी कळलंच की. एक रात्र तर आहे मध्ये.

उषाबाईला, बायकोला, सांगायला तो उठलासुद्धा. ती परसात बायांच्या घोळक्यात काकड्या चिरत बसली होती, आणि मोठ्या आवाजात सांगून राह्यली होती, "आमच्या ह्यांनी मशीन आणली म्हणून! न्हाईतर गेल्या सालचं पाणी, बाई, नुसता दवाखान्याचा वास!" बाया हसल्या. रखमाजी दारातूनच मागं फिरला. बाळाचं उष्टावण उद्या दुपारी. तोवर त्याच्या तोंडात काही जायचा प्रश्नच नव्हता. मग घाई कशाला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. सात दिवस माणूस ज्याची वाट पाहतो ते हे. सोमेश्वर महाराजांनी उपरणं सावरलं, वीणेकऱ्याच्या पायांना हात लावला आणि जयजयकार घेतला. मागं टाळकऱ्यांच्या दोन कमानी, मध्ये मृदंग. पहिल्या थापेला मांडवाचे खांब थरारल्यासारखे झाले. गोकुळातली पोरं आपापल्या शिदोऱ्या सोडतात, कुणाची शिळी भाकर, कुणाचं लोणचं, कुणाचं ताक, आणि देव ते सगळं एकात कालवतो. महाराज ते असं रंगवत होते, की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या जिभेवर चव आली असेल. एरवी रखमाजीचे डोळे अशा वेळी वाहायचे. आज त्याला सगळ्यांचं सगळ्यांत हे शब्द ऐकू आले, आणि ते महाराजांच्या आवाजात नव्हते.

फोन घरी ठेवला होता. कीर्तनात फोन जवळ ठेवायचा त्याचा रिवाज नव्हता.

महाराज वरच्या सुरात चढले. आणि गळा फाटला. अगदी गेल्या सालासारखा. चरण मध्येच तुटलं, नुसती हवा आली, महाराजांनी छातीवर हात ठेवला आणि खोकल्याची उबळ आली. पावडरीचा एक कण नसलेलं पाणी सात दिवस पिऊनही. पावडरीचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता.

त्यानं सवयीनं धृपद उचललं. दोन्ही कमानी त्याच्यामागं आल्या. टाळ एकजीव झाले. आणि त्याच वेळी बायकांच्या बाजूला, मांडवाच्या कनातीशी, त्याला वंदना दिसली. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिनं दोन्ही हात वर केले आणि सावकाश डावीकडून उजवीकडं हलवले. न्हाई. न्हाई.

धृपद धरलेला माणूस ओळीतून निघत नाही. रखमाजीचा बाप वारला त्या दिवशीसुद्धा निरोप आल्यावर त्यानं आरतीपर्यंत टाळ खाली ठेवले नव्हते. महाराज अजून खोकत होते, पाणी मागत होते, आणि कुणीतरी हौदाचा तांब्या घेऊन त्यांच्याकडं चाललं होतं.

रखमाजीनं टाळ गळ्यातून काढले, शेजारच्याच्या खांद्यावर टाकले आणि ओळीतून बाहेर पडला. तांब्या आणणाऱ्याच्या हातातून तांब्या घेतला आणि मांडवाबाहेर ओतला. मागं धृपद चालूच राहिलं. त्याच्यावाचून चालू राहिलं.

"बशी भरून ठिपके हायेत, आबा," वंदना त्याच्याबरोबर पळत पळत सांगत होती. "विष्ठेतले जंतू. मोजायला जागा न्हाई. किती फोन लावले मी!"

हौदावर बायांची गर्दी. हंडे, बाटल्या, लहान पोरांचे रंगीत पेले. रखमाजी धोतर खोचून तळाच्या बाजूला वाकला आणि बूच उपटलं. पाणी फसकन बाहेर आलं, बायांच्या पायांवरून, चपलांवरून, मांडवाच्या खांबांकडं पळालं.

"अरे येड लागलं का तुला?" तातेराव धावत आला. "चैताचं पाणी हाय! टँकरला नंबर लावून विहीर भरलीय!"

"कुणी पिऊ नका. भरलेलं बी फेका. हे पाणी आजारी हाय."

"कोण म्हणतं? तुझी पोरगी? काल साफ, आज आजारी?" तातेरावनं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "सात दिवस पिऊन राह्यलो आम्ही. मेलं का कुणी? दाखव मला एक तरी मेलेला!"

"तातेराव, चूक माझी हाय. पावडर मीच बंद केली."

"मंग देवापुढं सांग जाऊन!"

रखमाजी खरंच गेला. कीर्तन थांबलं होतं. त्यानं सोमेश्वर महाराजांच्या कानाला लागून सगळं सांगितलं. काकड्या त्याच पाण्यात धुतल्या, दही त्याच पाण्यानं सैल केलं, खीर तर त्यातच शिजली. खिरीचं वंदना म्हणाली चालेल, उकळलीय. पण काला कच्चा. महाराजांनी डोळे मिटून घेतले. मग बसलेल्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल असं, त्यांनी मांडवाला सांगितलं की काला यंदा धरतीमायला द्यायचा, खड्डा करून पुरायचा, आणि माणसांनी देवापुढच्या गुळाचा खडा घेऊन घरी जायचं. कुजबुज उठली. एक म्हातारी रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ती काल्यावाचून उठणार होती. पण महाराजांपुढं कुणी बोललं नाही. हौदाशी मात्र, रखमाजीनं पाठ फिरवताच, दोघीतिघींनी बाटल्या पदराखाली घेतल्या. तीर्थाला कुठं काय होतं, असं एक दुसरीला म्हणाली.

उषाबाई मंदिराच्या सावलीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दीपमाला आत ओटीच्या तयारीला गेल्ती. बाळ शांत होतं, मूठ चोखत होतं.

"ऐकलं का," रखमाजी तिच्यापुढं उकिडवा बसला. "याला काही दिलं तर न्हाई ना?"

"काय देणार? उन्हानं कासावीस होऊन राह्यलं होतं. दोन चमचे पाणी लावलं तोंडाला." तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "हौदाचंच. तीर्थच हाय की. अहो, काय झालं?"

वंदना बापाकडं बघत होती. काल सांगितलं नाहीत तुम्ही, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर रखमाजीला बरं वाटलं असतं.

उष्टावण झालं नाही. वंदनानं तिच्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. आईचं दूध चालू ठेवा, बाकी काही नको, पातळ शी झाली, ताप आला, लंगोट कोरडे राहायला लागले, की लगेच जालन्याला घेऊन या. आज काही दिसणार नाही, तो म्हणाला. दोन दिवस बघा.

रखमाजी गावात दारोदार फिरला. बाटल्या ओता, पाणी उकळा. काही जणांनी ओतल्या. काही जणांनी त्याच्यासमोर हो म्हटलं. एकानं विचारलं, "आबा, तुमचा दिवा तर जळून राह्यला ना?" दिवा खरंच जळत होता. रिकाम्या हौदाच्या डोक्यावर, हार घातलेल्या पाईपात, तसाच निळा.

वंदना रजा टाकून गावातच थांबली. दुसरा दिवस काहीही न होता गेला. बाळ हसलं, दूध प्यालं, आजोबाची मिशी ओढली. मांडव सुटला, खांब निघाले. पारावर तातेराव मोठ्यानं सांगत होता, की काला पुरला, पाणी सांडलं, आणि गाव आहे तसंच धडधाकट आहे. लोक हसत होते, आणि रखमाजीनं ते ऐकून घेतलं. हसू देत, तो मनात म्हणत होता. विठ्ठला, सगळ्या गावाला मला हसू दे. जन्मभर हसू दे.

पण दर थोड्या वेळानं तो पाळण्याशी जायचा. एवढ्याशा पोटाकडं बघायचा, श्वासाबरोबर वर-खाली होणाऱ्या, आणि त्याला वाटायचं, आत कुठंतरी एक तुटलेलं टोक घाई न करता फिरतंय. हाच मजकूर कुठं हाय, हाच मजकूर कुठं हाय. दोन चमचे. दोन चमच्यांत किती असतील, हे त्यानं वंदनाला विचारलं नाही.

त्यानंतरच्या सकाळी दार वाजलं. उन्हं नुकती ओसरीवर आली होती. दारात तातेराव होता. टॉवेल पोटाशी आवळलेला, ओठ पांढरे पडलेले, एका हातानं चौकट धरलेली.

"रखमा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आज काही टोमणा नव्हता. "पोरीला विचार ना जरा. मिठा-साखरेचं पाणी कसं करायचं ते. माझ्या घरात चौघं पडलेत. शेजारी बी."

रखमाजी तसाच मागं फिरला, माजघर ओलांडून पाळण्याशी गेला आणि वरचं पातळ कापड बाजूला केलं. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. त्याच्याकडं बघत होतं, पण रोजच्यासारखे हात पुढं आले नाहीत. रखमाजीनं खाली हात घातला. दुपटं ओलं होतं. त्यानं ते ओढून काढलं आणि नाकाशी नेलं. वास मुताचा नव्हता.

"दीपमाला, लेकराला घे," तो म्हणाला. "वंदे, गाडी काढ. जल्दी."